आठ हजार फोटो आहेत, तरी तिचा चौथा महिना आठवत नाही

प्रश्न : माझी मुलगी १४ महिन्यांची आहे. कामावरून घरी येतो तेव्हा तिच्या झोपेला जेमतेम तास-सव्वा तास उरलेला असतो. सुट्टीच्या दिवशी मी सतत तिचे फोटो आणि व्हिडिओ काढत असतो. फोनमध्ये आठ हजारांवर फोटो झालेत. परवा रात्री ती चार महिन्यांची असतानाचे व्हिडिओ बघत बसलो आणि रडूच फुटलं. त्यातलं मला काहीच आठवत नव्हतं. दुसऱ्याच कुणाचं तरी बाळ बघतोय असं वाटलं. बायको म्हणते, तू तिच्याकडे फोनमधूनच बघतोस. भेटेल तो सांगतो, 'हे दिवस परत येत नाहीत, मजा घ्या.' ती कशी घ्यायची हे कुणी सांगत नाही. मी तिचं बाळपण हुकवतोय का?

उत्तर :

लहान मुलांच्या वाढीचा आणि विकासाचा डॉक्टर म्हणून मी २६ वर्षं काम करते आहे. हा प्रश्न मला असंख्य आईबाबांनी विचारलाय. बहुतेकांनी तो तपासणी संपल्यावर, मूल कडेवर घेऊन दाराशी पोचल्यावर, निघता निघता विचारला. तुम्ही तो सरळ मांडलात, म्हणून मीही नीट वेळ घेऊन लिहिते.

आधी त्या व्हिडिओंबद्दल. तुम्हाला काही आठवलं नाही, याचा अर्थ तुमचं लक्ष नव्हतं किंवा माया कमी पडली, असा लावू नका. त्या महिन्यांत तुम्ही दोघंही झोपेला पारखे झाला होतात. दिवसभरात जे घडलं ते पक्कं करून ठेवायचं बरंचसं काम मेंदू झोपेत करतो, आणि झोप अपुरी असली की नवीन गोष्ट टिपून घ्यायची त्याची ताकदही कमी होते. त्यात चार महिन्यांच्या बाळाचे दिवस असतात एकसारखे. दूध, लंगोट, झोप, रडणं, पुन्हा दूध. एकसारख्या दिवसांच्या वेगवेगळ्या आठवणी राहत नाहीत, त्यांचा मिळून एक गोळा होतो. तुमच्या त्या काळातल्या नव्वद संध्याकाळी मेंदूने एकाच खुंटीला टांगून ठेवल्यात. हे सगळ्यांचंच होतं. ज्या आया चोवीस तास बाळाजवळ होत्या त्यांचंही होतं, हे मी माझ्या खुर्चीत बसून वारंवार ऐकलंय.

फोनचा यात वाटा आहे, पण लोक म्हणतात तितका सरळ नाही. लिंडा हेंकेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. त्यांनी लोकांना एका कलासंग्रहालयात फिरवलं, काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले आणि काही वस्तू नुसत्या बघायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या. कॅमेऱ्याने जपलंय म्हटल्यावर मेंदूने ते सोडून दिलं असावं. पण ज्या वस्तूंचा एखादाच भाग झूम करून टिपला होता, त्या नुसत्या पाहिलेल्या वस्तूंइतक्याच चांगल्या आठवल्या. जवळून बारकाईने बघावं लागलं, म्हणून त्या राहिल्या. पुढे २०१७ साली दुसऱ्या संशोधकांना असं आढळलं, की माणसं स्वतःच्या मर्जीने फोटो काढत असली तर डोळ्यांनी पाहिलेलं त्यांना उलट जास्त आठवतं. त्याच वेळी कानांनी ऐकलेलं कमी आठवतं.

तुमच्यासाठी हे दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १४ महिन्यांचं मूल निम्म्याहून अधिक तर आवाज, वजन, वास आणि ऊब असतं. पेंगुळल्यावर ते कडेवर अचानक जड होतं. झोपताना मानेच्या घडीत एक उबदार वास येतो. अंधारात ते स्वतःशीच काहीतरी लांबलचक बोलतं. यातलं काहीच फोटोत येत नाही. आठ हजार फोटोंमध्ये तुमच्या मुलीचं दिसणं जपलं गेलंय. तुम्हाला चुकल्या-चुकल्यासारखं वाटतंय ते उरलेल्या मुलीसाठी.

आता त्या सल्ल्याबद्दल. 'मजा घ्या' हे मला कधीच पटलेलं नाही. मजा ठरवून घेता येत नाही, आणि ती आली नाही की वरून अपराधी वाटतं. त्याहून मला त्रास होतो तो 'प्रत्येक क्षण शेवटचा समजून जगा' या सल्ल्याचा. लहान मुलाबरोबर असं जगणं कुणालाच जमत नाही, आणि जमवायला गेलं तर हातात असलेल्या मुलाकडे बघताना डोळे सारखे भरून येतात. मूल समोर हसत असतं आणि आपण त्याला निरोप देत असतो. परवा रात्री तुमचं तेच झालं.

मी आईबाबांना एकच सांगते : बघा. आणि बघायचं तर काय बघायचं ते माहीत करून घ्या. गाण्यातलं कळणाऱ्याला तेच गाणं जास्त ऐकू येतं. मुलांचंही तसंच आहे. तुमच्या मुलीच्या वयात तिच्या आत काय चाललंय हे समजलं, की तुमच्याजवळ आहे तोच तास भरलेला दिसायला लागेल. आनंद त्याच्या मागून येतो, त्याला वेगळं बोलवावं लागत नाही. म्हणून १४ व्या महिन्यात काय चालू असतं ते सांगते.

ती चालू लागली असेल किंवा लागायच्या बेतात असेल. (नसली तरी घाबरू नका. १८ महिन्यांपर्यंत वाट बघायला हरकत नसते, त्यानंतर मात्र दाखवून घ्या.) नवीन चालणाऱ्या मुलाचे हात बघा : कोपरात वाकलेले, खांद्यापर्यंत वर उचललेले. दोन पाय एकमेकांपासून फाकलेले असतात आणि तळवा सपाट पडतो, टाच आधी टेकत नाही. ही चाल फार तर काही महिने टिकते. हात हळूहळू खाली येतात, पाय जवळ येतात, आणि एक दिवस ती तुमच्या-माझ्यासारखी चालायला लागते. कॅरेन अ‍ॅडॉल्फ या संशोधक बाईंनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांना मोकळं खेळताना मोजलं, त्याचे निष्कर्ष २०१२ साली आले. ही मुलं तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतात आणि १७ वेळा पडतात. तासाला! मी ते आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा समोर खेळणाऱ्या मुलांकडे बघायची माझी नजरच बदलली. आपल्याला वाटतं की ती नुसती इकडून तिकडे करतेय. ती दिवसभर एका अवघड कामाला भिडलेली असते, आणि सतराव्यांदा पडून पुन्हा उठताना तिच्या चेहऱ्यावर बहुतेक वेळा हार नसते.

पडल्यानंतरचा एक क्षण खास बघा. ती पडते आणि रडायच्या आधी तुमच्या तोंडाकडे बघते. अर्धा सेकंद. ती विचारत असते, 'हे लागण्यासारखं होतं का?' याच वयाच्या आसपासच्या मुलांवर केलेला एक प्रयोग १९८५ साली प्रसिद्ध झाला. जाड काचेचं टेबल. अर्ध्या भागात काचेला अगदी लागून नक्षीदार कापड आणि पुढच्या भागात तेच कापड काचेच्या खाली थोडं खोल, म्हणजे वरून बघितलं तर पायरी असल्यासारखं. एक वर्षाची मुलं त्या कडेपर्यंत रांगत यायची, थांबायची आणि पलीकडे उभ्या असलेल्या आईकडे बघायची. आईने चेहरा आनंदी ठेवला तेव्हा १९ पैकी १४ मुलं काचेवरून पार गेली. भ्यायलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. आईने एक शब्द बोलायचा नव्हता, सगळं चेहऱ्यावर.

आता कल्पना करा, तिने वळून बघितलं आणि तुमच्या चेहऱ्याच्या जागी फोन आहे. तुमची बायको जे म्हणतेय त्यातलं खरं दुखणं मला इथे दिसतं. तुम्ही बघत नाही असं नाही. तिला तुम्ही दिसत नाही. व्हिडिओ काढायचाच असेल तर फोन छातीशी धरा, चेहरा मोकळा ठेवा. चौकट थोडी हलेल, हलू दे.

दुसरं तिचं बोट. वर्षाच्या आसपास मुलं बोट दाखवायला लागतात आणि त्यात दोन प्रकार असतात, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. एक मागायचं बोट : ते दे. दुसरं दाखवायचं बोट : ते बघ! दुसऱ्यात तिला काहीही नको असतं. पंखा फिरतोय, भिंतीवर उजेड पडलाय, बाहेर कुत्रं भुंकलं, एवढंच. ती वस्तूकडे बघते, मग वळून तुमच्याकडे बघते, तुम्ही बघताय ना याची खात्री करते, आणि पुन्हा वस्तूकडे. तुमच्या मनात काय आहे हे जाणून घ्यायची, माझ्या मनातलं तुझ्याही मनात असावं असं वाटायची ही सुरुवात आहे. मी तर याला मैत्रीची पहिली खूण मानते. दिवसातून एकदा तरी त्या बोटामागे जा. पंखा म्हणजे काय, तो कसा फिरतो, असले धडे नकोत. 'हो गं, फिरतोय!' एवढं पुरतं. आणि संध्याकाळी तिने किती वेळा दाखवायचं बोट केलं ते एक दिवस नुसतं मोजून बघा. मोजायला लागलात की इतर कुठे लक्ष जाणारच नाही.

आरसा. तिला कडेवर घेऊन आरशासमोर उभे राहा. आत्ता तिला बहुधा त्यात दुसरं मूल दिसतंय. ती त्याला हसेल, हात लावेल, कदाचित आरशाच्या मागे डोकावेल. नाकावर नकळत रंगाचा ठिपका लावून मुलांना आरसा दाखवायची चाचणी १९७२ सालापासून वापरात आहे. साधारण १८ ते २४ महिन्यांच्या दरम्यान मुलं आरशातल्या ठिपक्याऐवजी स्वतःच्या नाकाला हात लावायला लागतात. म्हणजे आरशातली ही मैत्रीण तुमच्या घरी आणखी थोडेच महिने येणार आहे. तिला रोज भेटवा.

सकाळी तुम्ही निघताना ती रडत असेल. तो रडण्याचा आवाज घेऊन दिवसभर कामावर बसणं किती जड जातं ते मला माहीत आहे. पण त्याच्या आतली गोष्टही माहीत असू द्या. चार-पाच महिन्यांची असताना नजरेआड गेलेली वस्तू ती शोधायचीही नाही, जणू ती संपलीच. आता ती संपत नाही. तुम्ही दाराबाहेर गेलात तरी कुठेतरी आहात, हे तिला कळतं, आणि तरी तुम्ही समोर नाही, म्हणून ती रडते. तुम्हाला मनात धरून ठेवता यायला लागलंय तिला. गुपचूप सटकू नका. थोडं रडू आलं तरी चालेल, पण येतो म्हणून सांगून निघा. संध्याकाळी दार उघडल्यावर पहिला अर्धा मिनिट पिशवी खांद्यावर तशीच ठेवून जमिनीवर बसा. तिची धाव त्या सकाळच्या रडण्याचंच दुसरं टोक असते.

या वयात मुलं शब्दही थोडेच वापरतात आणि त्या थोड्या शब्दांत सगळं जग बसवतात. भूभू म्हणजे कुत्रा, मांजर, गाय आणि कधीकधी दाढीवाला माणूससुद्धा. पुढे दोन-अडीच वर्षांची झाली की ती 'मी करलं', 'बाबा जाला', 'आई येली' म्हणायला लागेल. घरात कुणीही 'करलं' म्हणत नाही. तिने ते कुणाकडून उचललेलंच नसतं. बसलं, पडलं, हसलं ऐकून ऐकून तिने स्वतः नियम शोधून काढलेला असतो आणि आपली भाषाच त्या नियमाला चुकलेली असते. ते लगेच सुधारू नका, आपण बरोबर रूप सहज बोललं की पुरे. 'केलं' आपोआप येतं, आणि 'करलं' गेलं की परत येत नाही.

आता तुमच्या तासाबद्दल. त्यात नवीन काही घालू नका. खेळणी, उपक्रम, रोज नवं काहीतरी, याची तिला गरज नाही आणि तुमच्या अंगात तेवढी ताकदही उरलेली नसेल. उलट जी कामं उरकायची म्हणून उरकली जातात त्यातलं एक काम पूर्ण आपल्याकडे घ्या : आंघोळ, कपडे बदलणं किंवा झोपवणं. तिला हात लावायचा, तिच्या डोळ्यांत बघायचं, तिचं ऐकायचं, याची सगळ्यात जास्त संधी याच कामांत असते. माझ्या अनुभवात ज्या बाबांनी झोपवण्याचं काम स्वतःकडे घेतलं, त्यांना वर्षभराने मुलाचे बारकावे आईइतकेच माहीत असतात. शिवाय तुमच्या बायकोला तेवढा वेळ हात मोकळे मिळतील. तिला तिच्या आठवणींसाठी झोप हवीच आहे. फोन त्या वेळी दुसऱ्या खोलीत. तुमच्या खिशात असला तरी तो तुमचं थोडं लक्ष खाऊ शकतो.

त्या कामाला दहा मिनिटं जास्त द्या. एक बाही घातल्यावर ती ती बाही बघत बसली तर बसू द्या. पाण्यात हात आपटला तर तो पुन्हा आपटेपर्यंत थांबा. लहान मुलाला वेग नसतो हा त्याचा दोष आपणच मानतो.

आणि पूर्ण तास एकाग्र राहायचा हट्टही करू नका. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने आई आणि बाळाचे खेळतानाचे चेहरे सेकंदासेकंदाला तपासले. अगदी छान जुळलेल्या जोड्यांमध्येही दोघं एकमेकांशी तंतोतंत जुळलेली असण्याचा काळ सुमारे ३० टक्केच निघाला. उरलेला वेळ चुकामूक आणि पुन्हा जुळवून घेणं. त्या पुन्हा जुळवण्यातूनच बाळाला भरवसा येतो, असं त्याचं म्हणणं आहे, आणि मी जे पाहिलंय त्यावरून मला ते पूर्ण पटतं. तुमचं मन कामावर भटकलं, परत आलं, तर काही बिघडलं नाही. परत येणं तिला दिसतं.

कंटाळाही येईल. तेच डबे, तेच झाकण, विसाव्यांदा. डॅनिएल कानेमन या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नोकरी करणाऱ्या ९०९ स्त्रियांना आदल्या दिवसाचा तपशील विचारला, कोणत्या वेळी कसं वाटत होतं ते. मुलांना सांभाळण्याचा वेळ आनंदाच्या क्रमवारीत बराच खाली आला. पण आईबाबांना आयुष्यात मोलाचं काय असं विचारलं तर बहुतेक जण मुलांचंच नाव घेतील. दोन्ही खरं आहे. रोजचा दिवस दमवतो आणि त्या दिवसांची माळ मोलाची असते. दमलेल्या संध्याकाळी तुम्हाला काहीच थोर वाटलं नाही, तर तुम्ही काही हुकवलं नाहीत.

एक गोष्ट मात्र स्पष्ट विचारते. परवा आलेलं रडू त्या रात्रीपुरतं होतं का? मूल वाढताना बघून पोटात कालवणं हे स्वाभाविक आहे. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास राहत असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, चिडचिड वाढली असेल, किंवा तिच्याजवळ असूनही आत काहीच हलत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. बाळाच्या जन्माच्या आगेमागे दहातल्या साधारण एका बापाला नैराश्य येतं, असं २०१० साली अनेक अभ्यास एकत्र तपासून मांडलं गेलं. बापांना कुणी विचारत नाही, म्हणून ते सांगत नाहीत. तुमच्या बायकोलाही विचारा, ती कशी आहे. उपचारांनी फरक पडतो.

फोटो बंद करू नका. दहा मिनिटं ठरवा, काढा आणि फोन ठेवून द्या. काढताना जवळ जा : तिच्या पायाची बोटं, झाकणावरची पकड, मानेमागचे केस. महिन्याचे दहा निवडा, उरलेले वेगळे ठेवून द्या, नाहीतर आठ हजारांत पुढे कुणीच शिरणार नाही. फोन बायकोच्याही हातात द्या. सगळे फोटो तुम्हीच काढले असतील तर त्यात तुम्ही नाही आहात. आणि आठवड्यातून एकदा, झोपायच्या आधी अंधारात ती स्वतःशी बोलते तेव्हा नुसता आवाज रेकॉर्ड करा, अर्धा मिनिट. चित्र नको. दोन वर्षांनी तो ऐकताना तुमच्या अंगावर काटा येईल.

याहून मला महत्त्वाची वाटते ती वही. रात्री एक ओळ, तारीख घालून. एकसारखे दिवस गोळा होतात हे वर सांगितलं. ही एक ओळ त्या दिवसाला स्वतंत्र खुंटी देते. 'आज खूप गोड हसली' असं लिहू नका, त्यातून पुढे काहीच उभं राहणार नाही. जे फक्त आजच घडलं ते लिहा. 'मोजा स्वतः ओढून काढला आणि माझ्या पायावर ठेवला.' 'आरशातल्या मुलीला चमचा देऊ केला.' 'पाऊस बघून बोट केलं, मग माझी हनुवटी धरून माझं तोंड खिडकीकडे वळवलं.' लिहायला काही सापडलं नाही, तर दुसऱ्या दिवशी आपोआप जास्त बघितलं जातं. वहीचा खरा फायदा हाच आहे, असं मला अनेक आईबाबांनी येऊन सांगितलंय.

तुम्ही विचारलं नाहीत, पण बहुतेकांच्या मनात असतं म्हणून सांगते : तिला यातलं काही आठवेल का? आत्ता आठवतं. अँड्र्यू मेल्टझॉफ या संशोधकाने, १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, १४ महिन्यांच्याच मुलांना एक विचित्र कृती दाखवली. पुढे वाकून पेटीवर कपाळ टेकवायचं, की दिवा लागतो. मुलांना त्या दिवशी पेटीला हात लावू दिला नाही. आठवड्याने पेटी समोर ठेवली, तर बरीच मुलं वाकून कपाळ टेकवायला लागली. एवढी स्मरणशक्ती तिच्याकडे आज आहे. पण मोठी झाल्यावर हे दिवस तिला सांगता येणार नाहीत. मोठ्या माणसांची सर्वांत जुनी आठवण सरासरी साडेतीन वर्षांच्या आसपासची असते. पॅट्रिशिया बाउअर या संशोधक बाईंनी तीन वर्षांच्या मुलांचं आईबाबांशी चाललेलं आठवणींचं बोलणं नोंदवून ठेवलं आणि त्याच घटना पुढे वेगवेगळ्या वयांत विचारल्या. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यातलं ६० टक्क्यांहून अधिक आठवत होतं, आठ-नऊ वर्षांच्या मुलांना ४० टक्क्यांहून कमी. बालपण विसरायला मुलं बालपणीच लागतात.

यात सगळंच हातातून जातं असं नाही. हाक मारली की कुणीतरी येतं, पडलो की एक चेहरा दिसतो, दार उघडलं की बाबा जमिनीवर बसतो, हे तिच्यात राहतं, फक्त घटनेच्या रूपात राहत नाही. आणि घटना तुमच्याकडे राहतात, सांगण्यासाठी. ज्या घरांत आईबाबा मुलांशी जुन्या गोष्टी तपशीलवार बोलतात, 'मग काय झालं?', 'तेव्हा तुझ्या हातात काय होतं?' असं विचारतात, त्या मुलांच्या आठवणी मोठेपणी अधिक लहान वयापर्यंत मागे जातात, असं न्यूझीलंडमधल्या संशोधकांना दिसलं. तिथले मूळ रहिवासी असलेल्या माओरी समाजात घरातल्या, पूर्वजांच्या गोष्टी सांगण्याला फार मोल आहे, आणि त्यांच्या पहिल्या आठवणी सरासरी पावणेतीन वर्षांच्या आसपासच्या निघाल्या.

म्हणून ती तीनेक वर्षांची होऊन 'मी छोटी होते तेव्हा काय करायचे?' असं विचारायला लागेल, तेव्हा ती वही काढा. सगळी गोष्ट एका दमात सांगू नका. थोडं सांगा, थांबा, तिला भर घालू द्या, ती खरी असो वा नसो.

माझ्या मुलाच्या पहिल्या दोन वर्षांत माझ्या रात्रपाळ्या चालू होत्या. त्याची पहिली पावलं मी पाहिलेली नाहीत, त्यांचा फोटो आहे. पण कडेवर घेतलं की तो माझ्या कानाची पाळी दोन बोटांत धरायचा आणि झोप येईल तसा तो चिमटा सैल व्हायचा, हे मी एका रात्री, का कोण जाणे, कागदाच्या तुकड्यावर लिहून ठेवलं होतं. तेवढी एक ओळ होती म्हणून ते दिवस माझ्याजवळ आहेत. चौथ्या वर्षी तो रोज रात्री कानाची गोष्ट मागायचा. आता त्या गोष्टीत एक करड्या रंगाचं मांजर आहे, ते आमच्या शेजारी बसून दुसरा कान राखतं. आमच्या घरी मांजर कधीच नव्हतं. त्यानेच ते एका रात्री आणून तिथे बसवलं, आणि मी त्याला अजून उठवलेलं नाही.